कोल्हापूर लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात जुन्या निकालांची उजळणी सुरू होते. तालमीच्या कट्ट्यावर, दूध डेअरीसमोर, एसटीत सगळीकडे तोच विषय. त्यात बऱ्याचदा विधानसभेचा निकाल लोकसभेला चिकटवला जातो, इचलकरंजीचा खासदार कोल्हापूरच्या नावावर टाकला जातो आणि 2009 पासून बदललेल्या सीमा तर कुणाच्या लक्षातच नसतात. या मतदारसंघाबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे मत मांडलं आहे तिथे ते माझं मत म्हणूनच वाचावं.

कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात नेमका कोणता भाग येतो?

सहा विधानसभा मतदारसंघ: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर. राज्यातला हा 47 क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ. तालुक्यांच्या भाषेत सांगायचं तर शहर, करवीर, गगनबावडा, पन्हाळ्याचा काही भाग, राधानगरी, भुदरगड, कागल, आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड. जिल्ह्यातले बाकीचे चार विधानसभा मतदारसंघ, म्हणजे शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ, हे हातकणंगले लोकसभेत आहेत. सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही त्यांच्याच जोडीला आहेत.

कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण ही विधानसभेची नावं आहेत. लोकसभेला उत्तर-दक्षिण असं काही नाही. बाहेरगावचे लोक इथे नेहमी गोंधळतात.

नाव शहराचं आहे, मग खासदार शहर ठरवतं का?

नाही. या मतदारसंघाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शहर म्हणजे कोल्हापूर उत्तर पूर्ण आणि दक्षिणेचा काही भाग. बाकी सगळा मुलूख खेड्यांचा, उसाचा, भाताचा आणि दुधाचा आहे. शहरातून चंदगडला जायचं तर शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडतं, आणि वाटेत गट बदलतात, कारखाने बदलतात, बोलीसुद्धा बदलते. चंदगडचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला बेळगाव गाठतो, गगनबावड्याच्या माणसाला कोकण जवळचं.

शहरातली हवा पेपरात आणि चॅनेलवर दिसते, कारण पत्रकार तिथे आहेत आणि सभाही तिथेच होतात. उमेदवाराच्या पोटात मात्र गोळा येतो तो करवीर, राधानगरी आणि कागलच्या आकड्यांनी. बिंदू चौकातल्या गर्दीवरून निकालाचा अंदाज बांधणारे म्हणूनच दर वेळी कमी-जास्त चुकतात.

इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ होता ना? तो कुठे गेला?

होता. 1977 पासून 2009 च्या निवडणुकीआधीपर्यंत जिल्ह्यात कोल्हापूर आणि इचलकरंजी असे दोन मतदारसंघ होते. कागल, गडहिंग्लज, चंदगड, वडगाव, शिरोळ आणि इचलकरंजी हा पट्टा इचलकरंजीत होता. कोल्हापुरात शाहूवाडी, पन्हाळा, सांगरूळ, राधानगरी, करवीर आणि शहर होतं. 2008 च्या पुनर्रचनेत जिल्हा नव्याने कापला गेला. शाहूवाडी हातकणंगल्यात गेलं, कागल-गडहिंग्लज-चंदगड कोल्हापुरात आलं आणि इचलकरंजी हे लोकसभेचं नाव संपलं.

हा बदल जुने निकाल वाचताना फार महत्त्वाचा ठरतो. सदाशिवराव मंडलिक कागल तालुक्याचे. पण 1998, 1999 आणि 2004 साली ते कोल्हापुरातून निवडून आले तेव्हा त्यांचा स्वतःचा तालुका या मतदारसंघात नव्हताच. घरचं मतदान हाताशी नसताना तीन वेळा जिंकणं सोपं नव्हे. आणि 2009 साली अपक्ष उभं राहण्याची वेळ आली, नेमकं तेव्हाच कागल मतदारसंघात आलं.

आतापर्यंत कोण कोण खासदार झाले?

पहिल्या दोन निवडणुकांचं स्वतंत्र सांगावं लागेल, ते पुढच्या प्रश्नात. 1962 पासूनची यादी अशी:

1962: व्ही. टी. पाटील, काँग्रेस
1967: शंकरराव माने, काँग्रेस
1971: राजाराम निंबाळकर, काँग्रेस
1977: दाजीबा देसाई, शेतकरी कामगार पक्ष
1980, 1984, 1989, 1991, 1996: उदयसिंगराव गायकवाड, काँग्रेस
1998: सदाशिवराव मंडलिक, काँग्रेस
1999, 2004: सदाशिवराव मंडलिक, राष्ट्रवादी काँग्रेस
2009: सदाशिवराव मंडलिक, अपक्ष
2014: धनंजय महाडिक, राष्ट्रवादी काँग्रेस
2019: संजय मंडलिक, शिवसेना
2024: शाहू छत्रपती, काँग्रेस

1998 नंतर काँग्रेसच्या पंजावर थेट 2024 साली खासदार निवडून आला. मधली 26 वर्षं जिल्ह्यात काँग्रेसचे आमदार होते, मंत्री होते, जिल्हा परिषदेत सत्ता होती, पण आघाडीच्या वाटपात ही जागा राष्ट्रवादीकडे राहिली.

पहिल्या निवडणुकीत इथून दोन खासदार कसे काय?

कारण तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ असत. एका मोठ्या मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातीसाठी राखीव असे दोन प्रतिनिधी निवडले जात, आणि मतदाराला दोन मतं असत. 1961 च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, आणि तीन वर्षांच्या आत इथल्या माणसाने पहिल्यांदा लोकसभेसाठी मतदान केलं. तेव्हा मतदारसंघाचं नाव कोल्हापूर-सातारा असं होतं. इथून निवडून आलेल्या दोघांपैकी प्राध्यापक बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. देशभर काँग्रेसची लाट असताना एक शिक्षणक्षेत्रातला माणूस कोणत्याही पक्षाशिवाय निवडून येतो, हे पहिल्याच निवडणुकीत घडलं. 2009 च्या अपक्ष विजयाचं सगळ्यांना अप्रूप वाटलं, पण त्याची वाट खर्डेकरांनी आधीच पाडून ठेवली होती.

1957 साली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली, तशी कोल्हापुरातही. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे एस. के. दिगे असे दोघे विजयी झाले. सीमाभाग शेजारी, बेळगाव-निपाणीत घरोघरी सोयरीक. त्यामुळे हा प्रश्न इथे भाषणातला नव्हता, घरातला होता.

शेकापचा कोल्हापुरात खरंच इतका जोर होता?

होता, आणि आजच्या पिढीला तो सांगूनही पटत नाही. महागावकर 1957 साली, दाजीबा देसाई 1977 साली. 1967 साली राजघराण्यातल्या विजयमाला राणीसाहेबही शेकापकडूनच जिल्ह्यातून लोकसभेवर गेल्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा माणूस शहराचा आमदार झाला. सांगरूळ, पन्हाळा, राधानगरी या पट्ट्यात लाल बावट्याची घराणी होती, आणि शेतकऱ्याच्या प्रश्नावर मोर्चा म्हटलं की भाकरी बांधून येणारी माणसं होती.

1977 ची निवडणूक आणीबाणीनंतरची. देशात काँग्रेस कोसळली, तरी महाराष्ट्राच्या या भागात ती बऱ्यापैकी टिकून होती. दाजीबांनी ती कोल्हापुरात पाडली, पण अगदी निसटत्या फरकाने. पुढे साखर कारखाने, जिल्हा बँक, दूध संघ यांचं जाळं घट्ट झालं तसा शेकाप विरत गेला. ज्याच्या हातात ऊसतोडीची टोळी आणि पीककर्ज, त्याच्याकडे गाव झुकणार. विचार पटला नाही म्हणून लोक शेकापला सोडून गेले, असं मला वाटत नाही. रोजच्या गरजा दुसरीकडे बांधल्या गेल्या, एवढंच.

उदयसिंगराव गायकवाड सलग पाच वेळा कसे निवडून आले?

1980 ते 1996. शाहूवाडी तालुक्यातला हा नेता राज्यात मंत्रिपद भूषवून दिल्लीला गेला. तेव्हा शाहूवाडी-पन्हाळा कोल्हापूर मतदारसंघात होतं, म्हणजे घरचा पट्टा भक्कम. काँग्रेसच्या अंतर्गत गटांना सगळ्यांना चालेल असा उमेदवार हवा असायचा, आणि गायकवाडांनी जिल्ह्यातल्या कुणाच्या संस्थेत फारसा हात घातला नाही. बाकीचे नेते आपापले तालुके सांभाळत, लोकसभेला गायकवाडांना मतं देत. शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध अभिनेते रमेश देव यांना, कोल्हापूरच्याच मातीतल्या माणसाला, मैदानात उतरवून पाहिलं. सभांना गर्दी झाली, निकाल बदलला नाही.

सदाशिवराव मंडलिक यांना 2009 साली अपक्ष का उभं राहावं लागलं?

या मतदारसंघाच्या इतिहासातली ही सगळ्यात जास्त सांगितली जाणारी निवडणूक, आणि तिचा मान तेवढा आहेच.

मंडलिक हा कागलच्या राजकारणात तयार झालेला गडी. कागलमध्ये विक्रमसिंह घाटगे गट आणि मंडलिक गट यांची ईर्षा अशी होती की गावागावांत दोन दूध संस्था, दोन सेवा सोसायट्या आणि लग्नाच्या पंगतीसुद्धा वेगळ्या. मंडलिक गटातच हसन मुश्रीफ वाढले. पुढे गुरू-शिष्यात बिनसलं आणि राष्ट्रवादीत मंडलिकांची अडचण व्हायला लागली. 2009 साली पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारून युवराज संभाजीराजे छत्रपती यांना तिकीट दिलं. वय झालेल्या खासदाराला बाजूला सारून राजघराण्यातला तरुण चेहरा, काँग्रेसची साथ, जिल्ह्यातले बहुतेक मातब्बर नेते एका बाजूला. कागदावर ही निवडणूक एकतर्फी होती.

निकाल लागला तेव्हा मंडलिक जवळपास 45 हजार मतांनी पुढे होते. शिवसेनेचे विजय देवणे तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

लोकांनी राजघराण्याला नाकारलं, असा याचा अर्थ काढणं चूक आहे. एका म्हाताऱ्या माणसाला ज्या पद्धतीने बाजूला केलं ते लोकांना आवडलं नाही. कोल्हापूरचा मतदार ज्याच्यावर अन्याय झाला असं त्याला वाटतं त्याच्या मागे उभा राहतो, आणि वरून ठरवून पाठवलेला उमेदवार दिसला की त्याचं डोकं फिरतं. शिवाय नेते एका बाजूला होते, पण त्यांचे कार्यकर्ते त्यांच्या मागे गेले नाहीत. त्याच वर्षी शेजारी हातकणंगल्यात राजू शेट्टी यांनी राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना हरवलं. एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी राष्ट्रवादीच्या दोन जागा गेल्या.

मंडलिकांनी नंतर काँग्रेसला पाठिंबा दिला. 2015 च्या मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

मोदी लाटेत 2014 साली इथे राष्ट्रवादी कशी जिंकली?

त्या वर्षी राज्यात राष्ट्रवादीचे चारच खासदार आले: बारामती, सातारा, माढा आणि कोल्हापूर. धनंजय महाडिक यांनी शिवसेनेच्या संजय मंडलिक यांचा 33 हजारांवर मतांनी पराभव केला. महाडिक 2004 साली हीच निवडणूक शिवसेनेकडून लढले होते आणि मंडलिकांकडून थोड्या फरकाने हरले होते. म्हणजे दहा वर्षांत उमेदवाराचा पक्ष बदलला, समोर बापाच्या जागी मुलगा आला आणि निकाल उलटला.

पक्षाची लाट एकीकडे आणि महाडिक गटाची यंत्रणा दुसरीकडे, असा तो सामना होता. गोकुळ दूध संघावर तेव्हा महादेवराव महाडिक यांची पकड होती. शिवाय काँग्रेसच्या सतेज पाटील यांनीही धनंजय महाडिक यांच्यासाठी काम केलं, आणि हीच गोष्ट पुढच्या दहा वर्षांच्या राजकारणाचं मूळ ठरली.

‘आमचं ठरलंय’ म्हणजे काय?

2019 ची घोषणा. तिची गोष्ट 2014 पासून सुरू होते.

सतेज पाटील आणि महाडिक यांचं वैर जुनं. 2009 च्या विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये सतेज पाटलांनी धनंजय महाडिकांना हरवलं होतं. 2014 च्या लोकसभेला आघाडीधर्म म्हणून दोघे एकत्र आले, महाडिक खासदार झाले. आणि अवघ्या काही महिन्यांत, विधानसभेला, त्याच दक्षिणमध्ये महादेवरावांचे चिरंजीव अमल महाडिक भाजपकडून उभे राहिले आणि सतेज पाटलांना पाडलं. लोकसभेला ज्यांच्यासाठी गावोगाव फिरले त्यांच्याच घरातून हा घाव बसला, अशी सतेज पाटलांच्या कार्यकर्त्यांची भावना झाली.

2015 च्या डिसेंबरमध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीत सतेज पाटलांनी महादेवराव महाडिक यांचा पराभव केला. पण खरा पैरा फेडायचा होता तो लोकसभेला. 2019 साली धनंजय महाडिक पुन्हा आघाडीचे उमेदवार, आणि सतेज पाटील त्याच आघाडीतल्या काँग्रेसचे नेते. त्यांनी उघडपणे विरोधी भूमिका घेतली. ‘आमचं ठरलंय’ हे दोन शब्द टी-शर्टवर, गाड्यांवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झळकू लागले. काय ठरलंय हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

संजय मंडलिक 7 लाख 49 हजार मतं घेऊन निवडून आले, महाडिकांना 4 लाख 78 हजार मिळाली. फरक 2 लाख 70 हजारांचा. देशात मोदींची लाट होती हे खरं, पण 2014 सालीही ती होतीच आणि तेव्हा ती इथे अडली होती. पाच वर्षांत तीन लाखांच्या आसपासचा हा झोका एकट्या लाटेने आला नाही.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटील यांनी दक्षिणमध्ये अमल महाडिकांना हरवलं, आणि 2021 साली गोकुळमध्ये सतेज पाटील-मुश्रीफ यांच्या पॅनेलने 21 पैकी 17 जागा जिंकून सत्तांतर घडवलं. धनंजय महाडिक भाजपमध्ये गेले आणि 2022 च्या जूनमध्ये राज्यसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत हरलेले शिवसेनेचे संजय पवार हेही कोल्हापूरचेच.

2024 ची निवडणूक इतकी गाजली कशामुळे?

कोल्हापूरच्या राजघराण्याचे शाहू छत्रपती उभे राहिले म्हणून. वयाच्या 76 व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. जागावाटपात कोल्हापूर ही शिवसेनेची जागा, पण संजय मंडलिक 2022 साली एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने कोल्हापूर काँग्रेसला सोडलं आणि सांगली मागून घेतलं. त्यातून सांगलीत विशाल पाटील यांची बंडखोरी झाली आणि ते अपक्ष निवडून आले, पण तो वेगळा विषय.

महायुतीने घोषणा दिली: ‘मान गादीला, मत मोदीला’. काँग्रेसवाल्यांनी लगेच उत्तर दिलं: ‘मानही गादीला आणि मतही गादीला’. पंतप्रधानांची तपोवन मैदानावर सभा झाली, तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे कोल्हापुरात तळ ठोकून बसले. मधेच मंडलिक यांनी महाराजांच्या दत्तक वारशाबद्दल विधान केलं. ते लोकांना अजिबात रुचलं नाही. राजर्षी शाहूंच्या नावावर या शहरातली वसतिगृहं, तालमी, राधानगरीचं धरण उभं आहे. त्या गादीचा विषय प्रचारात ओढला की घरातला म्हातारा माणूससुद्धा उठून बसतो.

7 मे रोजी मतदान, 4 जूनला निकाल. शाहू छत्रपती 7 लाख 54 हजार 522, संजय मंडलिक 5 लाख 99 हजार 558. मताधिक्य 1 लाख 54 हजार 964. करवीर आणि राधानगरीने भरभरून दिलं. कागलने मात्र मंडलिकांना आघाडी दिली. घाटगे, मुश्रीफ, मंडलिक असे कागलचे सगळे गट तेव्हा महायुतीत होते हे पाहता ती आघाडी माफकच म्हणावी लागेल.

माझ्या मते या निकालात करवीरचे आमदार पी. एन. पाटील यांच्या कष्टांचा वाटा मोठा होता. मतदान झालं आणि निकाल लागायच्या आतच, मे महिन्यात, ते गेले. विजयाचा गुलाल त्यांना पाहायला मिळाला नाही, याची हळहळ करवीर तालुक्यात आजही बोलून दाखवली जाते.

राजघराण्याचा उमेदवार असला की कोल्हापूर त्यालाच मत देतं का?

नाही, आकडे तसं सांगत नाहीत. 2004 साली मालोजीराजे शहराचे आमदार झाले आणि 2009 साली राजेश क्षीरसागर यांच्याकडून हरले. संभाजीराजे 2009 साली लोकसभेला हरले. शाहू छत्रपती 2024 साली दणदणीत जिंकले. गादीबद्दल आदर आहेच, पण मत देताना बाकीचंही पाहिलं जातं: तिकीट कसं मिळालं, समोर कोण आहे, कुणाला दुखावलं गेलं.

लोकसभेला काँग्रेस जिंकली, मग सहाच महिन्यांत विधानसभेला सगळं उलटं कसं झालं?

2024 च्या नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती किंवा तिच्या सोबतच्या उमेदवारांकडे गेल्या. काँग्रेसला भोपळा. दक्षिणमध्ये अमल महाडिक परत आले. करवीरमध्ये चंद्रदीप नरके यांनी पी. एन. पाटील यांचे चिरंजीव राहुल यांना थोडक्या मतांनी हरवलं, कागलमध्ये मुश्रीफ, राधानगरीत प्रकाश आबिटकर, उत्तरमध्ये राजेश क्षीरसागर, चंदगडमध्ये अपक्ष शिवाजी पाटील.

त्यात उत्तरचा प्रकार काँग्रेसला फार महाग पडला. पक्षाच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे यांनी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. शहराच्या हक्काच्या जागेवर पंजा हे चिन्हच राहिलं नाही, अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा द्यावा लागला. कार्यकर्त्यांचा हिरमोड झाला तो सगळ्या जिल्ह्यात पसरला. राज्यभर लाडकी बहीण योजनेची चर्चा होती, ती इथेही होती. पण लोकसभेची मतं विधानसभेला आपोआप मिळतात, हा समज कोल्हापुरात 2014 पासून तीन वेळा खोटा ठरला आहे. लोकसभेला माणूस गावाच्या गटापलीकडे पाहू शकतो. विधानसभेला गट हाच विषय असतो.

साखर कारखाने आणि गोकुळचा लोकसभेशी काय संबंध?

फार जवळचा. एखाद्या गावचं उदाहरण घ्या. तिथे ऊस एका कारखान्याला जातो, दूध गोकुळच्या संस्थेत, पीककर्ज सेवा सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं. तिन्ही ठिकाणचे संचालक निवडून आलेले, आणि ते कुठल्या ना कुठल्या गटाचे. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यावर येतं, हंगामात उसाची तोड वेळेवर मिळाली नाही तर वजन घटतं. त्यामुळे संस्थेच्या चेअरमनचा शब्द गावात चालतो. लोकसभेचा उमेदवार आधी हमीदवाडा, बिद्री, भोगावती, कुंभी अशा कारखान्यांच्या पट्ट्यात जोडण्या लावतो, पक्षाचा जाहीरनामा नंतर छापतो.

पण मतदाराने चेअरमनचं ऐकलंच, असं धरून चालू नका. 2009 साली बहुतेक चेअरमन एका बाजूला होते आणि मतं दुसरीकडे पडली.

शिवसेना-भाजप इथे किती जुनी?

शहरात शिवसेना 1990 पासून आमदार निवडून आणते आहे. लोकसभेला मात्र तिला 2019 पर्यंत थांबावं लागलं, कारण खेड्यांतल्या सहकाराच्या जाळ्यात तिचा शिरकाव नव्हता. 2019 साली तो मंडलिक गटाने करून दिला. भाजपच्या कमळावर कोल्हापूरचा खासदार अजून झालेला नाही. युतीत ही जागा शिवसेनेकडेच राहिली.

इथे मतदान खरंच जास्त होतं का?

होय. 2024 साली 71 टक्क्यांच्या वर मतदान झालं, राज्यातल्या सगळ्यात जास्त मतदान झालेल्या मतदारसंघांपैकी हा एक. मे महिन्यातल्या उन्हात, मुंबई-पुण्याचे आकडे पन्नाशीच्या आसपास रेंगाळत असताना. गटांची चुरस हे त्याचं एक कारण आहे: प्रत्येक गटाची माणसं याद्या घेऊन बसलेली असतात, कुणाचं मतदान राहिलं हे दुपारी बारा वाजताच माहीत असतं. दुसरं असं की मत देणं हा इथे कर्तव्यापेक्षा हक्काचा आणि इभ्रतीचा विषय आहे. पुण्याला नोकरीला असलेली पोरं रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी रांगेत उभी राहतात. मला या जिल्ह्याचा अभिमान वाटतो तो यासाठी.

महिला खासदार कधी झाल्या?

विजयमाला राणीसाहेब 1967 साली, आणि इचलकरंजीतून निवेदिता माने 1999 आणि 2004 साली. कोल्हापूर मतदारसंघातून मात्र आजवर एकही महिला निवडून गेलेली नाही. मोठ्या पक्षांनी जिंकण्याजोगी उमेदवारीही दिलेली नाही. दूध संस्थेत, बचत गटात, ग्रामपंचायतीत बाया कारभार चालवतात आणि लोकसभेला त्यांचं नावसुद्धा चर्चेत येत नाही, ही गोष्ट खटकलीच पाहिजे.

निवडणुकीत इथले कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात?

पंचगंगेचं प्रदूषण, 2019 आणि 2021 चे महापूर, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग, शहराची हद्दवाढ. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी कित्येक निवडणुकांत गाजली, अखेर 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं. 2024 साली शक्तिपीठ महामार्गाला जमिनी जाणाऱ्या गावांनी केलेल्या विरोधाचा परिणाम राधानगरी-भुदरगड-कागल पट्ट्यात स्पष्ट जाणवला.

माझ्या गावाने कुणाला किती मतं दिली, हे कसं पाहायचं?

प्रत्येक निवडणुकीनंतर ‘नमुना 20’ नावाचा तक्ता तयार होतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात विधानसभा मतदारसंघनिहाय प्रत्येक मतदान केंद्राची ओळ असते: डावीकडे केंद्राचा क्रमांक, मग उमेदवारांची मतं ओळीने, नंतर ‘वरीलपैकी कोणी नाही’ची मतं आणि एकूण. टपाली मतं तळाशी वेगळी दाखवतात, ती कोणत्याही गावाच्या खात्यावर धरायची नाहीत.

तक्त्यात बऱ्याचदा गावाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. म्हणून त्याच वर्षाची मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडून ठेवा. मोठ्या गावात चार-पाच केंद्रं असतात, ती सगळी मिळवा. आणि दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्रांचे क्रमांक बदलले नाहीत ना, हे आधी पाहा. मतदारसंख्या वाढली की केंद्रं फोडली जातात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. क्रमांकावर विसंबून तुलना केली तर शेजारच्या वाडीची मतं आपल्या गावाच्या नावावर लागतात. 2009 च्या आधीच्या लोकसभेच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर आधी तुमचा विधानसभा मतदारसंघ तेव्हा कोल्हापुरात होता की इचलकरंजीत, हे तपासून घ्या.